कंट्रोलरच्या आतलं तापमान उशिरा हलतं: उशीर नेमका कुठे होतो ते कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. पॅनेलच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, ड्राइव्हच्या (मोटर चालवणाऱ्या युनिटच्या) हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, हात ठेववत नाही आणि कंट्रोल बोर्ड मात्र अजून ४६ अंशच दाखवतोय. फॅन ५५ ला लागायचा आहे. तो लागायच्या आधीच ड्राइव्ह ओव्हरटेम्परेचरवर ट्रिप होतो (जास्त तापला म्हणून स्वतःला बंद करतो), लाइन थांबते आणि फोन येतो. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल लागला की हे सुरू होतं ते पाऊस पडेपर्यंत चालतं, कारण शेडमधली हवाच चाळिशीच्या वर गेलेली असते आणि चालू केल्यापासून ट्रिप होईपर्यंत पॅनेलकडे फार वेळ नसतो.

"काका, सेन्सर स्लो आहे वाटतं. दुसरा लावू का?" आमच्या असेंब्लीतला मुलगा विचारतो.

"अरे, तो कंट्रोलरच्या आतच आहे. दुसरा लावणार कुठे?"

कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, प्रोजेक्ट घेऊन येणाऱ्या मुलांशीही बोलणं इथूनच सुरू होतं. मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे कंट्रोल बोर्डाच्या मुख्य चिपमध्ये, तापमानाचा सेन्सर फुकट मिळतो, एक पिनही लागत नाही, म्हणून तो सगळेच वापरतात. उशीर झाला की दोषही त्यालाच देतात. मात्र तो सेन्सर स्लो नसतो. उशीर त्याच्या आजूबाजूला कुठेतरी असतो: आकडा वाचण्यात, सरासरी काढण्यात, नाहीतर ज्या वस्तूवर तो बसलाय त्या वस्तूच्या वजनात. या तिन्ही ठिकाणांवरचे इलाज अगदी वेगळे आहेत, त्यामुळे उशीर कुठला हे ठरवल्याशिवाय कोडला किंवा बोर्डाला हात लावू नये.

आधी सेन्सर म्हणजे काय ते बघू. चिपच्या सिलिकॉनवरच केलेला तो एक ट्रान्झिस्टर-जोड असतो आणि तापमान वाढलं की त्यावरचा व्होल्टेज ठरावीक दराने घसरतो. नेहमी भेटणाऱ्या तीन मायक्रोकंट्रोलरची उदाहरणं घेऊ. आरपी२०४० मध्ये २७ अंशांना तो ०.७०६ व्होल्ट असतो आणि दर अंशाला १.७२१ मिलिव्होल्ट कमी होतो. एसटीएम३२एफ१०३ मध्ये (पुढे नुसतं एफ१०३) आकडे मोठे आहेत: २५ अंशांना साधारण १.४३ व्होल्ट आणि अंशामागे ४.३ मिलिव्होल्टची घसरण. एटीमेगा३२८पी मध्ये दिशा उलटी आहे, २५ अंशांना ३१४ मिलिव्होल्ट आणि अंशामागे सुमारे १ मिलिव्होल्टची वाढ. तुमची चिप कुठल्या दिशेची आहे हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

या जोडाला स्वतःचं वजन जवळजवळ नाहीच. सिलिकॉनमधून उष्णता एक मिलिमीटर पसरायला १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि अख्खी चिप दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे सिलिकॉनचं तापमान बदललं तर सेन्सरला ते डोळ्याचं पातं लवायच्या आत कळतं. बाहेर पॅनेलमध्ये काय चाललंय हे त्या सिलिकॉनपर्यंत कधी पोहोचतं, तो प्रश्न वेगळा.

सगळ्यात आधी कच्चा आकडा

फिल्टर, सरासरी, अंशांत रूपांतर, डिस्प्लेचा अपडेट हे सगळं बाजूला काढा आणि एडीसीचा (व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणाऱ्या चिपमधल्या भागाचा) कच्चा काउंट दर १० मिलिसेकंदांनी सीरिअलवर सोडा. एफ१०३ असेल तर शेजारी आतल्या रेफरन्सचा (चिपमधल्या स्थिर व्होल्टेजचा), म्हणजे चॅनल १७ चा, काउंटही छापा. तो कशाला ते लगेच सांगतो.

आता चिपला आतूनच तापवायचं. मिनिट-दोन मिनिटं कंट्रोलरला झोपेत ठेवा, टायमरने जागा करून फक्त रीडिंग घ्या. मग एकदम पूर्ण वेगाने रिकामा लूप चालवा आणि सगळ्या पेरिफेरल्सचे (चिपमधल्या टायमर, सीरिअल अशा जोड-भागांचे) क्लॉक चालू करा. एफ१०३ हा ७२ मेगाहर्ट्झला सगळं चालू असताना ३६ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे ३.३ व्होल्टला ०.१२ वॅट. ४८ पायांच्या पॅकेजला डेटाशीट ५५ अंश प्रति वॅट देतं. गुणाकार केला तर चिप आजूबाजूच्या हवेपेक्षा साडेसहा अंश वर जाते. अंशामागे सव्वापाच काउंट धरले तर झोपेतून पूर्ण वेगात येताना आकडा पंचवीस-तीस काउंट खाली यायला हवा.

त्यातला पहिला भाग लवकर यायला हवा. ग्राफ काढलात तर सुरुवातीला तीव्र उतार दिसतो, मग एक कोपरा आणि मग लांबलचक हळू शेपटी. उतार हा सिलिकॉनचा आणि त्याखालच्या तांब्याच्या फ्रेमचा, शेपटी पॅकेजची आणि बोर्डाची. तो कोपरा दिसला की सेन्सर, एडीसी आणि वाचण्याची पद्धत तिन्ही ठीक आहेत असं समजा. तुमचा उशीर पुढे फिल्टरमध्ये किंवा बोर्डात आहे.

एक सावधगिरी बाळगा. लूप चालू केल्या क्षणी, एकाच सॅम्पलमध्ये, आकड्याने उडी मारली तर ती उष्णता नव्हे. करंट वाढल्यावर ३.३ व्होल्टची लाइन किंचित खाली गेली आणि एडीसीची पट्टीच बदलली, असं घडलेलं असतं. एफ१०३ मध्ये लाइन १ टक्का बदलली तर रीडिंग ३ अंशांहून जास्त हलतं, आरपी२०४० मध्ये ४ अंशांनी. शेजारी छापलेल्या रेफरन्सच्या काउंटनेही त्याच क्षणी तेवढ्याच टक्क्यांची उडी मारलेली दिसेल. पॅनेलमध्ये हे रिले ओढताना दिसतं: रिले लागतो आणि एफ१०३ वरचं तापमान एकदम दोन-तीन अंश कमी दाखवतं. फॅनचा रिले स्वतःच असं करत असेल तर फॅन लागतो, आकडा पडतो, फॅन सुटतो, पुन्हा लागतो. कॉन्टॅक्टरची कटकट ऐकू आली तर आधी लाइन स्कोपवर बघा. इलाज सोपा आहे: तापमानाच्या काउंटला रेफरन्सच्या काउंटने भागून वापरा आणि रिलेचं पाच व्होल्ट कंट्रोलरच्या रेग्युलेटरपासून वेगळं घ्या.

वाचण्यातला उशीर

इथले दोष मायक्रोसेकंद-मिलिसेकंदांचे असतात, पण त्यांची लक्षणं फसवी असतात.

एफ१०३ च्या सेन्सरला १७.१ मायक्रोसेकंदांचा सॅम्पलिंग टाइम द्या असं डेटाशीट सांगतं. तयार उदाहरणांमधून उचललेल्या कोडमध्ये सगळ्या चॅनलना दीड सायकल दिलेली असते. १२ मेगाहर्ट्झच्या एडीसी क्लॉकला ते होतात ०.१२५ मायक्रोसेकंद. सेन्सरचं आउटपुट दुबळं असतं, त्याला एडीसीच्या आतलं छोटं कपॅसिटर एवढ्यात भरता येत नाही, आणि त्यात आधीच्या चॅनलचा व्होल्टेज थोडा शिल्लक राहतो. याची ओळख सोपी आहे. स्कॅनमध्ये आधीच्या नंबरला जे काही जोडलंय, समजा सेटिंगचा पॉट (फिरवायची खुंटी), तो फिरवा. पॉट फिरवल्यावर तापमान बदललं तर निदान झालं. २३९.५ सायकल द्या, अख्खं कन्व्हर्जन तरीही २१ मायक्रोसेकंदांत होतं. एवढा वेळ कुठल्याही पॅनेलमध्ये परवडतो. सेन्सर चालू करणारा बिट लावल्यावर त्याला जागं व्हायला जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक रीडिंगला सेन्सर चालू-बंद करत असाल तर तेवढं थांबून पहिलं रीडिंग टाकून द्या.

एटीमेगा३२८पी मधला प्रकार वेगळा आहे आणि तो उष्णतेच्या उशिरासारखा हुबेहूब दिसतो. आतला सेन्सर वाचायला १.१ व्होल्टचा आतला रेफरन्स लावावा लागतो. बाकीचे चॅनल ५ व्होल्टवर चाललेले असतात. बोर्डावर एरेफ (रेफरन्सच्या) पिनला १०० नॅनोफॅरडचं कपॅसिटर असतं आणि त्या पिनचा आतला रेझिस्टन्स ३२ किलोओमच्या आसपास. गुणाकार ३.२ मिलिसेकंद. पाचवरून १.१ वर नीट स्थिरावायला असे सात-आठ पट, म्हणजे पंचवीसेक मिलिसेकंद जातात. तोवर रेफरन्स जास्त असल्याने काउंट कमी येतो: ३१४ मिलिव्होल्टला खरा काउंट २९२ हवा, सुरुवातीला तो ६४ च्या जवळ असतो आणि मग चढत जातो. या चिपमध्ये चढता काउंट म्हणजे चढतं तापमान. त्यामुळे लॉगमध्ये "सेन्सर हळूहळू गरम होतोय" असं चित्र उमटतं, आणि हे अर्धवट आकडे सरासरीत मिसळले की खरं तापमान कधी दिसतच नाही. रेफरन्स बदलल्यावर निदान ३० मिलिसेकंद थांबा, पहिली काही रीडिंग फेकून द्या, नाहीतर सगळे चॅनल १.१ व्होल्टवरच बसवा आणि बाहेर डिव्हायडर लावा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण रेफरन्सची ये-जाच बंद होते.

फिल्टरमधला उशीर, आणि अडकून पडलेला आकडा

माझ्या टेबलावर येणाऱ्या बोर्डांमध्ये मला सगळ्यात जास्त सापडतो तो हा दोष, म्हणून यावर जरा थांबतो.

सेन्सरचं रीडिंग थरथरतं. एका अंशाला सव्वापाच काउंट, त्यात दोन-चार काउंटचा गोंगाट, म्हणजे डिस्प्लेवरचा दशांश सतत नाचतो. ग्राहकाला ते आवडत नाही. मग कोणीतरी फिल्टर लावतो (ओळीतलं शेवटचं चिन्ह म्हणजे आकडा सहा बिट उजवीकडे सरकवणं, म्हणजे ६४ ने भागणं):

जुना = जुना + ((नवा − जुना) >> ६)

दर सेकंदाला एक सॅम्पल घेतलं तर या एका ओळीचा टाइम कॉन्स्टंट ६४ सेकंद होतो. एकदम बदल झाला तर मिनिटभराने आकडा ६३ टक्के वाट चालतो आणि ९५ टक्क्यांना तीन मिनिटांहून जास्त लावतो. सेन्सर मिलिसेकंदांत बोललेला असतो, आपण त्याला तीन मिनिटं बोलू देत नाही. ज्या दिवशी हा फिल्टर लावला त्या दिवशी डिस्प्ले स्थिर झाला म्हणून सगळे खूश असतात. तक्रार उन्हाळ्यात येते.

त्याहून वाईट गोष्ट त्या उजव्या सरकवण्यात दडलेली आहे. सगळे आकडे पूर्णांक असले तर नवा आणि जुना यांतला फरक ६४ पेक्षा कमी असताना भागाकार शून्य येतो आणि आकडा जागचा हलत नाही. फरक वजा असेल तेव्हा मात्र सरकवणं खालच्या पूर्णांकाकडे जातं, वजा एकचा वजा एकच राहतो आणि आकडा तळापर्यंत नीट पोहोचतो. म्हणजे हा फिल्टर एका दिशेला चालतो आणि दुसऱ्या दिशेला अडकतो.

एफ१०३ वर हे आकड्यांत बघा. २५ अंशांचा काउंट १७७५ च्या आसपास, ५० अंशांचा १६४१. तापताना काउंट उतरतो, त्यामुळे फिल्टर १६४१ पर्यंत बरोबर येतो. गार होताना काउंट चढायला हवा, पण तो १७१२ वर येऊन थांबतो, कारण उरलेला फरक ६३ आहे. १७१२ म्हणजे सुमारे ३७ अंश. चिप २५ ला परत आलेली असते, बोर्ड ३७ दाखवत बसतो. ही बारा अंशांची चूक फॅनच्या बाबतीत असं वागते: बंद होण्याचं सेटिंग ४५ असेल तर चिपला प्रत्यक्षात ३३ पर्यंत उतरावं लागेल, आणि बडोद्याच्या मे महिन्यात पॅनेल ३३ ला कुठून येणार? त्यामुळे "फॅन उशिरा लागतो" या तक्रारीच्या जोडीला "फॅन बंदच होत नाही" ही तक्रार आली की मी थेट फिल्टरची ओळ उघडून बघतो.

एटीमेगावर दिशा उलटी असल्यामुळे अडकणंही उलटं आणि जास्त धोक्याचं. तिथे एक काउंट म्हणजे जवळजवळ एक अंश. २५ वरून ६० अंशांपर्यंत चढायला जेमतेम पस्तीस काउंट लागतात. फरक ६४ च्या आतच राहतो, त्यामुळे हा फिल्टर लावलेला बोर्ड तापला तरी आकडा अजिबात हलत नाही. असे बोर्ड "सेन्सर मेला" म्हणून फेकले जातात. कृपा करून फेकू नका, आधी कच्चा काउंट बघा.

पडताळणी उष्णतेशिवायही होते. एडीसीच्या जागी कोडमध्येच आकडे भरा: काही मिनिटं १७७५, मग १६४१, मग पुन्हा १७७५. डिस्प्ले परत २५ वर येतो का ते बघा. नाही आला तर फिल्टर असा लिहा:

साठा = साठा + नवा − (साठा >> ६)
उत्तर = साठा >> ६

साठ्यात आकडा ६४ पटीने ठेवल्यामुळे बारीक फरकही जमा होत राहतात आणि अडकणं संपतं. टाइम कॉन्स्टंट मात्र तोच राहतो. उशीर घालवायचा असेल तर सरासरी वेळेत पसरवू नका, झटक्यात घ्या. एफ१०३ मध्ये २१ मायक्रोसेकंदांची ६४ रीडिंग सलग घेतली तर दीड मिलिसेकंदाच्या आत काम होतं आणि विस्कळीत गोंगाट आठपट कमी होतो. अशी एक झटकी दर सेकंदाला घ्या. डिस्प्लेचा आकडा तरीही नाचत असेल तर डिस्प्लेसाठी वेगळा हळू फिल्टर ठेवा. फॅन आणि ट्रिपचा निर्णय त्या आकड्यावर कधीही घेऊ नका.

पिको बोर्ड (आरपी२०४० चा तयार बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यावरचा पॉवर सप्लाय कमी लोडला वीज वाचवण्याच्या मोडमध्ये जातो आणि ३.३ व्होल्टवर लहरी येतात. जीपीआयओ २३ हाय केला की तो पीडब्ल्यूएम मोडमध्ये राहतो आणि एडीसी बराच शांत होतो. मुळात गोंगाट कमी केला तर जाड फिल्टरची गरजच कमी होते.

बोर्डाचा उशीर

कच्चा आकडा ठीक, फिल्टर ठीक, तरी पॅनेल तापल्यावर बोर्ड उशिरा सांगतो. आता हिशोब वजनाचा आहे.

५० बाय ७० मिलिमीटरचा, १.६ जाडीचा साधा एफआर४ (फायबरग्लासचा) बोर्ड घ्या. वजन दहा ग्रॅमच्या आसपास, एक अंश तापवायला सुमारे १० ज्यूल. दोन्ही बाजू मिळून ७० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. शांत हवेत एवढ्या पृष्ठभागातून एका अंशाच्या फरकाला ०.०७ वॅट आत-बाहेर होतं. १० ला ०.०७ ने भागलं तर सुमारे १४५ सेकंद. म्हणजे भोवतालची हवा एका क्षणात तापली असं धरलं तरी बोर्ड अडीच मिनिटांनी ६३ टक्के आणि सात-साडेसात मिनिटांनी ९५ टक्के गाठतो. वर ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर असतील तर त्यांचं वजन वेगळं. बोर्ड प्लास्टिकच्या डबीत असेल तर डबीतली कोंडलेली हवा आणखी वेळ खाते. पॅनेलची हवा तरी एका क्षणात कुठे तापते? आधी हीटसिंक तापतो, मग हवा, मग डबी, मग बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी आपली चिप.

चिपला उष्णता मिळते ती मुख्यतः पायांतून, ग्राउंडच्या तांब्यातून. वरच्या काळ्या प्लास्टिकमधून कमी. हे हातानेही तपासता येतं: बोर्ड कमी व्होल्टेजच्या बेंच सप्लायवर चालू ठेवा, चिपच्या पाठीमागच्या बाजूला तांब्यावर बोट दाबा आणि कच्चा काउंट बघा. मग वरच्या प्लास्टिकवर बोट ठेवून बघा. पाठीमागून आकडा जास्त लवकर हलतो. मे महिन्याच्या दुपारी हे करत असाल तर बोट गार करणारं असतं, कारण बोर्ड बोटापेक्षा गरम असतो, त्यामुळे आकडा उलट दिशेला गेला म्हणून गडबडू नका. गार करणारा स्प्रे पावसाळ्यात वापरला तर बोर्डावर दव धरतं, तेव्हा तो टाळा. आणि हे सगळं टेबलावरच करायचं. पॅनेलमध्ये ड्राइव्ह बंद केल्यावरही त्याच्या डीसी बसवर काही मिनिटं जीवघेणा व्होल्टेज असतो. ड्राइव्हच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा, मीटरने मोजा, मग हात घाला.

याच तांब्यामुळे शेजाऱ्यांची उष्णताही चिपला लागते. १२ व्होल्टवरून ३.३ करणारा लिनिअर रेग्युलेटर ६० मिलिअँपिअरला अर्धा वॅट उष्णता टाकतो, आणि तो बहुतेक बोर्डांवर कंट्रोलरला खेटून बसवलेला असतो. असा बोर्ड चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं स्वतःच्याच रेग्युलेटरचं तापमान सांगत असतो. पॅनेलमध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. सकाळी पाळी सुरू होताना पहिल्याच तासात ट्रिप होणाऱ्या पॅनेलमध्ये हे मुद्दाम बघावं. स्विचिंग रेग्युलेटर लावा किंवा दोघांमध्ये अंतर ठेवून मधल्या तांब्याला खाच द्या.

कॅलिब्रेशनने हा उशीर जात नाही. काही नव्या एसटीएम३२ मध्ये कारखान्यातच ३० आणि ११० अंशांचे आकडे चिपमध्ये लिहिलेले असतात, ते जरूर वापरा. एफ१०३ मध्ये ते नाहीत, आणि त्याचं मॅन्युअलच सांगतं की चिपागणिक शून्य ४५ अंशांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, म्हणून नुसतं १.४३ धरून काढलेल्या तापमानावर सेटिंग लावू नका, प्रत्येक बोर्ड एका ज्ञात तापमानाला जुळवा. पण ही अचूकतेची गोष्ट झाली. जुळवलेला बोर्डही अडीच मिनिटं मागेच असतो.

कोणी म्हणेल, उशीर माहीत आहे तर गणिताने पुढचं तापमान काढू: आत्ताचं तापमान अधिक टाइम कॉन्स्टंट गुणिले चढण्याचा वेग. तत्त्व बरोबर आहे. व्यवहारात १४५ सेकंदांचा गुणक गोंगाटालाही लागतो. चढण्याचा वेग १० सेकंदांच्या फरकावरून काढला तर एफ१०३ च्या एका काउंटची, म्हणजे ०.१९ अंशाची, थरथर भाकितात पावणेतीन अंशांची होते. शिवाय पॅनेलचं दार उघडं असताना टाइम कॉन्स्टंट वेगळा, बंद असताना वेगळा. फॅन थोडा आधी लावायला हे चालेल. ट्रिपसाठी मी याच्यावर भरवसा ठेवणार नाही.

मग मोजायचं कुठे

जे जळणार आहे त्यावर. ड्राइव्ह किंवा एसएसआरच्या (सॉलिड-स्टेट रिलेच्या) हीटसिंकवर रिंग लगमधला १० के एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) स्क्रूने आवळा, खाली थोडी थर्मल पेस्ट लावा. असा एनटीसी काही सेकंदांत हीटसिंकबरोबर येतो. १० के चा पुलअप आणि १०० नॅनोफॅरडचं कपॅसिटर लावलं तर सर्किटचा स्वतःचा उशीर अर्धा मिलिसेकंद होतो, तो विसरून जा. वायर मोटरच्या केबलपासून दूर न्या, जमलं तर पिळलेली. एनटीसीची वायर तुटली तर आकडा थंडगार दाखवतो, म्हणून तुटलेली वायर ओळखून फॅन चालूच ठेवण्याची ओळ कोडमध्ये हवी. अनेक आयजीबीटी मॉड्यूलमध्ये (ड्राइव्हच्या आतल्या पॉवर स्विचमध्ये) एनटीसी आतच असतो, तो बाहेर काढलेला असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान सेन्सर लावायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. १२ बिटला त्याचं एक रीडिंग ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतं, ९ बिटला ९४, आणि स्टीलच्या नळीतला प्रोब त्यावर स्वतःचे बरेच सेकंद घालतो. दुसरं, सप्लाय आल्यावर पहिल्या कन्व्हर्जनआधी तो ८५ अंश सांगतो. ते ८५ खरं मानून सगळी लाइन ट्रिप करणारे बोर्ड अजूनही येतात. ड्राइव्हच्या गोंगाटात सेन्सर मध्येच रीसेट झाला तरी हेच घडतं.

चिपच्या आतला सेन्सर काढायचा नाही. बोर्ड स्वतः जास्त तापला का, घड्याळाच्या क्रिस्टलची चूक तापमानानुसार कशी दुरुस्त करायची, पॅनेलचा हवेचा फिल्टर चोंदून दिवसांमागून दिवस सरासरी तापमान वर चाललंय का, या कामांना तो उत्तम आहे. या कामांत अडीच मिनिटांनी काही बिघडत नाही.

बोर्ड दुरुस्तीला पाठवणार असाल तर नुसतं "सेन्सर स्लो" लिहू नका. चिपचं नाव, कच्च्या काउंटचा दहा मिनिटांचा लॉग, त्याच वेळेचा रेफरन्सचा काउंट, रिले कधी लागला त्याची खूण आणि बोर्ड पॅनेलमध्ये कुठे बसवलाय त्याचा एक फोटो पाठवा. फोटोत रेग्युलेटर, कंट्रोलर आणि ड्राइव्हचा हीटसिंक तिन्ही दिसले पाहिजेत.